आधी जुने फोटो उघडा, मग लेन्स घ्या

या महिन्याच्या टपालात लेन्स खरेदीचीच पत्रं जास्त आहेत. दिवाळी जवळ आली की दरवर्षी असंच होतं. मी लेन्स विकत नाही, दुरुस्त करते. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या दुकानात वडिलांच्या शेजारी बसून हे काम शिकले आणि आजही माझा दिवस लेन्स उघडण्यात जातो. आतली काच, फोकसची मोटर, केसाएवढ्या जाडीचा रिबन केबल हे सगळं रोज हाताखालून जातं. त्यामुळे कुठल्या लेन्समध्ये पैसे नेमके कशात गेलेत, ते मला आतून दिसतं.

पत्रं वेगवेगळी असली तरी अडचण सगळ्यांची एकच आहे. लेन्स लहान हवी, स्वस्त हवी आणि फोटो उत्तम हवेत. तिन्ही गोष्टी पूर्णपणे एका लेन्समध्ये मिळत नाहीत. एकीवर थोडं पाणी सोडावं लागतं. कुठल्या गोष्टीवर सोडायचं, हे दुकानाची पायरी चढण्याआधी ठरलेलं असावं. त्यासाठी लागणारा पुरावा तुमच्या जुन्या फोटोंमध्येच असतो. प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंथ (आकडा मोठा तेवढं दूरचं जवळ दिसतं), अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं भोक; आकडा लहान तेवढं भोक मोठं), शटर (उजेड किती वेळ आत येतो) आणि आयएसओ (कमी उजेडात वाढवायचा आकडा; वाढला की फोटो दाणेदार होतो) नोंदलेले असतात. गेल्या वर्षातले तुम्हाला मनापासून आवडलेले फोटो निवडा आणि हे आकडे वहीत उतरवा. खालच्या उत्तरांमध्ये मी पुन्हा पुन्हा तिथेच येणार आहे.

प्रश्न: ताई, माझ्याकडे कॅननचा आर ८ आहे आणि त्यासोबत आलेली २४-५० मिमी किट लेन्स. आता ५० मिमीची एक चांगली प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स घ्यायची आहे. कंपनीच्या तीन दिसतात: एफ/१.८, एफ/१.४ आणि एफ/१.२. माझे फोटो म्हणजे घरची माणसं, रंकाळ्यावरची संध्याकाळ, जोतिबाची यात्रा, गणपतीची मिरवणूक. मित्र म्हणतो, घ्यायची तर एफ/१.२च घे, नाहीतर दोन वर्षांत पुन्हा पैसे घालशील. कर्ज काढून घ्यावी का?
– एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर: कर्ज काढू नका. हे आधी सांगते, कारणं मग देते.

पहिल्यांदा वजन बघा. एफ/१.८ची लेन्स १६० ग्रॅमची आहे, एफ/१.४ची ५८० ग्रॅमची आणि एफ/१.२ची ९५० ग्रॅमची. तुमचा कॅमेरा बॅटरी आणि कार्ड धरून ४६१ ग्रॅमचा आहे. म्हणजे एफ/१.२ लावली तर लेन्स कॅमेऱ्याच्या दुप्पट जड होते आणि सगळा भार पुढे जातो. किमतीतही पहिल्या आणि तिसऱ्या लेन्समध्ये दहापटीच्या आसपास फरक आहे.

एवढ्या वजनाच्या आणि पैशाच्या बदल्यात उजेड किती जास्त मिळतो? एफ/१.८च्या तुलनेत एफ/१.२मधून सव्वादोनपट उजेड आत येतो. मिरवणुकीत एफ/१.८वर तुमचा आयएसओ ३२०० लागत असेल, तर एफ/१.२वर तो साधारण १४०० लागेल. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा मोठा आहे. ३२००वरचा आणि १४००वरचा फोटो शेजारी ठेवून मोठे केले तर दाणेदारपणातला फरक दिसतो. भिंतीवर लावायच्या प्रिंटमध्ये तो शोधावा लागतो.

मागचा भाग धूसर होण्यातला फरक मात्र खरा आहे. समोरचा माणूस दोन मीटरवर असेल, तर एफ/१.८ला साधारण १७ सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो आणि एफ/१.२ला १२ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे एफ/१.२ला डोळे, नाक स्पष्ट राहतात आणि खांद्यामागे सगळं विरघळायला लागतं. ज्यांचा धंदाच पोर्ट्रेटचा आहे, त्यांना त्या पाच सेंटिमीटरचे पैसे मिळतात. घरात जेवायच्या पंगतीचा फोटो काढताना तोच पट्टा अपुरा पडतो. शेजारी बसलेल्या दोन माणसांपैकी एक फोकसबाहेर जातो आणि शेवटी आपण एफ/२.८ किंवा एफ/४ लावतो. तिथे तिन्ही लेन्स जवळजवळ सारखं काम करतात.

मोठी लेन्स एवढी मोठी का होते, हे एकदा समजलं की दुकानदाराच्या बोलण्याचा दाब पडत नाही. अ‍ॅपर्चरचा आकडा म्हणजे फोकल लेंथ भागिले समोरून दिसणाऱ्या उजेडाच्या भोकाचा व्यास. ५० भागिले १.८ म्हणजे २८ मिलिमीटर. ५० भागिले १.२ म्हणजे जवळपास ४२ मिलिमीटर. काच जेवढी रुंद, तेवढे तिच्या कडेने येणारे किरण नको त्या जागी वळतात, आणि त्यांना वळणावर आणायला आणखी काचा घालाव्या लागतात. तुमच्या एफ/१.८मध्ये सहा काचा आहेत, एफ/१.२मध्ये पंधरा. पैसे त्या जास्तीच्या काचांचे आणि त्या अचूक बसवण्याचे असतात. ते वाया गेलेले नाहीत. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला फोटोच्या कोपऱ्यापर्यंत जी धार त्या लेन्समध्ये मिळते, ती एफ/१.८मध्ये मिळत नाही. उजेडाच्या ठिपक्यांच्या कडेला दिसणारी जांभळी-हिरवी झाकही तिच्यात कमी असते. प्रश्न एवढाच की तुमच्या फोटोंत कोपऱ्यात काय असतं? रंकाळ्यावरच्या संध्याकाळी एफ/८ लावाल, तेव्हा कोपरे दोन्हींचे चांगले येतील.

हा झगडा आजचा नाही. जर्मनीत झाइस कंपनीच्या पॉल रुडॉल्फ यांनी १८९६ मध्ये प्लॅनार लेन्स बनवली. कागदावर ती तेव्हाच्या बहुतेक लेन्सपेक्षा सरस होती. पण तिच्यात हवा आणि काच यांच्या सीमा जास्त होत्या, काचेवर कोटिंग (परावर्तन कमी करणारा पातळ थर) नव्हतं, त्यामुळे आत उजेड परावर्तित होऊन फोटो फिका पडायचा. त्याच रुडॉल्फनी १९०२ मध्ये चार काचांची टेसार काढली. उजेड कमी घेणारी, पण लहान, परवडणारी आणि कणखर. अनेक दशकं लोकांच्या हातात राहिली ती टेसार. प्लॅनारच्या घराण्याला खरे दिवस आले ते १९३५ मध्ये झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुलांनी काचेवरचं कोटिंग शोधल्यानंतर. आमचे वडील लग्नाचे फोटो काढायचे ते याशिका मॅट १२४ जी या कॅमेऱ्यावर. त्याची ८० मिमी एफ/३.५ लेन्स टेसारच्याच चालीची, चार काचांची. त्या काळच्या किती कोल्हापुरी घरांत भिंतीवर त्या लेन्सचं काम अजून लटकलेलं आहे! तुमची आजची १६० ग्रॅमची एफ/१.८ ही प्लॅनारच्या वंशातली, कोटिंग असलेली आणि संगणकाने आखलेली लेन्स आहे. तिला स्वस्त म्हणून कमी लेखू नका.

एका बाबतीत मात्र महाग लेन्स तुमच्या उपयोगाची आहे आणि ते लपवणं बरोबर होणार नाही. जोतिबाच्या यात्रेत गुलाल हवेत असतो. एफ/१.२ला धूळ-पाण्यापासून सील आहे, एफ/१.८चं नळकांडं फोकस करताना पुढे-मागे सरकतं आणि त्या फटीतून गुलाल आत जातो. चैत्र यात्रेनंतर अशा गुलाबी झालेल्या लेन्स माझ्याकडे दरवर्षी येतात. उपाय साधा आहे: समोर ४३ मिमीचा फिल्टर, भोवती पातळ प्लास्टिकची पिशवी रबराने बांधलेली, आणि डोंगरावर लेन्स बदलायची नाही. घरी आल्यावर फुंकणीने गुलाल उडवा. ओल्या कापडाने पुसू नका. ओला गुलाल खोबणीत जाऊन बसतो.

आता मला वाटणारी खरी शंका. तुम्हाला ५० मिमीच हवी हे कशावरून ठरवलंत? तुमच्या किट लेन्सवर ५०चं टोक आहेच. तिथे चिकटपट्टी लावून झूम बंद करा आणि आठवडाभर घरात, गल्लीत, महाद्वार रोडवर तेवढ्यावरच फोटो काढा. पुढच्या आठवड्यात हेच ३५वर करा. पेठेतल्या अरुंद बोळात आणि जुन्या वाड्याच्या सोप्यात मागे सरकायला जागा नसते. तिथे ३५ जास्त उपयोगी पडते असं माझं मत आहे. तुमच्या कॅमेऱ्याच्या बॉडीत स्टॅबिलायझर (हाताचं हलणं सावरणारी यंत्रणा) नाही. या तिन्ही ५० मिमी लेन्समध्येही तो नाही. ३५ मिमी एफ/१.८ मॅक्रो ही ३०५ ग्रॅमची लेन्स मात्र स्टॅबिलायझरसकट येते. संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात स्थिर गोष्टींचे फोटो हातात धरून काढायचे असतील, तर तिच्यावर हात हलला तरी फोटो वाचतो. चालणाऱ्या माणसाला स्टॅबिलायझर थांबवू शकत नाही, त्याला शटरचा वेगच वाढवावा लागतो, हे ध्यानात ठेवा.

माझा कौल: चिकटपट्टीत ५० जिंकली तर एफ/१.८, ३५ जिंकली तर ती मॅक्रो. उरलेल्या पैशांतून घरच्यांच्या फोटोंचा एक नीट बांधलेला अल्बम छापून घ्या.

प्रश्न: ताई, मी २१ वर्षांचा आहे. शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल मॅचचे फोटो काढतो, आणि सीझनमध्ये एका भावाबरोबर लग्नं करतो. कॅमेरा कॅननचा २०० डी मार्क टू, लेन्स १८-५५ आणि ५५-२५०. साठ हजार साठवलेत. जुनी ७०-२०० एफ/२.८ मिळत्येय. सगळे प्रेस फोटोग्राफर तीच वापरतात. घेऊ का?
– कसबा बावडा

उत्तर: तुझ्या पत्रातलं 'सगळे तीच वापरतात' हे वाक्य बाजूला ठेवूया. प्रेसवाल्यांना दुपारी मॅच, रात्री सभा आणि मधे मोर्चा असं सगळं एकाच लेन्सवर करायचं असतं. तुझं काम वेगळं आहे.

स्टेडियमवर मॅच दुपारी असतात. आता हिशोब कर. स्वच्छ उन्हात एफ/१६, आयएसओ १०० आणि शटर १/१०० हा जुना पक्का नियम आहे. एफ/५.६ला तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जास्त उजेड येतो, म्हणजे शटर १/८००. चारच्या पुढे ऊन तिरपं झालं, दोन स्टॉप उजेड गेला असं धर. आयएसओ ४०० केलास की पुन्हा १/८००. धावता खेळाडू गोठवायला १/८०० ते १/१००० पुरतं. म्हणजे तुझी ३७५ ग्रॅमची ५५-२५० लेन्स २५०च्या टोकाला एफ/५.६ असूनही दिवसाउजेडी मॅच काढू शकते. शेवटच्या काही मिनिटांत मैदान सावलीत गेलं की आयएसओ १६०० ते ३२०० लागेल. तेवढा दाणेदारपणा वर्तमानपत्रात किंवा मोबाइलवर कुणाला खटकणार नाही.

शिवाय ७०-२०० घेतलीस तर तुझा पल्ला ५० मिमीने कमी होणार. पलीकडच्या गोलपोस्टजवळची झटापट तुला आणखी लहान दिसेल. आणि ती लेन्स दीड किलोच्या घरात आहे. पुढे-मागे पळत मॅच करायची तर पहिल्या हाफमध्येच मनगट बोलायला लागतं.

तुझे फोटो चुकत असतील तर ते बहुतेक फोकसमध्ये चुकत असतील, आणि तिथे अडवणारा कॅमेरा आहे. २०० डी मार्क टूच्या व्ह्यूफाइंडरमध्ये फोकसचे नऊच बिंदू आहेत आणि सेकंदाला पाच फोटो निघतात. मधला एकच बिंदू निवड, फोकस सर्व्हो मोडवर (हलत्या गोष्टीवर सतत फोकस जुळवत राहणाऱ्या) ठेव, आणि चेंडूमागे कॅमेरा फिरवण्याऐवजी चेंडू जिथे येणार तिथे आधी जाऊन बस. दिलबहार किंवा पाटाकडीलचा फॉरवर्ड कुठल्या बाजूने आत घुसतो, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ती माहिती ज्याच्याकडे आहे, त्याला कमी लेन्स पुरते.

पैसे लग्नासाठी लाव. हळद घरात, साखरपुडा ट्यूबलाइटमध्ये आणि मंगल कार्यालयात स्टेजवर दिव्यांचा मारा. तिथे तुझी १८-५५ खरोखर कमी पडते, कारण झूम केलं की ती एफ/५.६वर जाते. तुझ्यासारख्या क्रॉप (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यासाठीची सिग्मा १७-५० एफ/२.८, स्टॅबिलायझरसकट, वापरलेली शोध. वजन ५६५ ग्रॅम. झूम कुठेही नेलं तरी एफ/२.८ कायम राहतं. ५० मिमीच्या टोकाला तुझ्या किट लेन्सच्या चौपट उजेड मिळेल. नवरीच्या एकटीच्या फोटोंसाठी ५० मिमी एफ/१.८ एसटीएम घे. क्रॉप बॉडीवर ती ८० मिमीसारखी वागते आणि चेहरा छान येतो. दोन्ही मिळून तुझ्या बजेटमध्ये बसतात आणि उरलेल्या पैशांतून एक चांगला फ्लॅश येतो. लग्नाच्या कामात फ्लॅशइतका फरक दुसरी कुठलीच वस्तू करत नाही.

७०-२००चं मनातून जात नसेल तर एका मॅचसाठी भाड्याने आण आणि दुसऱ्या दिवशी हात कसा दुखतो ते बघ. तरीही आवडली तर एफ/४चं मॉडेल बघ; स्टॅबिलायझर असलेली दुसरी आवृत्ती ७८० ग्रॅमची आहे, म्हणजे वजन जवळपास निम्मं. दिवसाच्या खेळाला ती भरपूर आहे.

प्रश्न: निवृत्त शिक्षिका आहे, वय ५८. सकाळी रंकाळा आणि कळंबा तलावावर पक्षी बघते, वर्षातून काही वेळा ग्रुपबरोबर राधानगरी-दाजीपूरला जाते. कॅमेरा कॅनन आर १०. ग्रुपमधले सिग्मा १५०-६०० घ्या म्हणतात. दुकानदार कॅननची आरएफ १००-४०० दाखवतो, पण ती एफ/८ असल्याने जंगलात चालत नाही असं ऐकलं. उजवा खांदा दुखतो. काय करू?
– राजारामपुरी

उत्तर: बाई, खांदा दुखतो हे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंत. माझ्या मते ते पहिल्या ओळीत हवं होतं.

सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी १९३० ग्रॅमची. तुमच्या कॅमेऱ्याला ती लावायला अ‍ॅडॉप्टर लागेल, तो ११० ग्रॅमचा. कॅमेरा ४२९ ग्रॅमचा. एकूण अडीच किलो. आरएफ १००-४०० धरली तर कॅमेऱ्यासकट एक किलो आणि थोडं. सकाळच्या फेरीत गळ्यात अडकवून चालता येईल ते हेच दुसरं वजन.

आता मोठ्या लेन्सच्या बाजूनेही बोलते. दूरच्या पक्ष्याकडून किती उजेड गोळा होतो, हे पुढच्या भोकाच्या व्यासावर ठरतं. ६०० भागिले ६.३ म्हणजे ९५ मिलिमीटर. ४०० भागिले ८ म्हणजे ५० मिलिमीटर. क्षेत्रफळ काढलं तर सिग्मा साडेतीनपटीहून जास्त उजेड गोळा करते. ग्रुपमधले लोक चुकीचं सांगत नाहीत. झाडीत उंच बसलेला लहान पक्षी काढायचा असेल तर त्या लेन्सला पर्याय नाही.

पण तुमचा दिवस कसा जातो? रंकाळ्याच्या काठावर खंड्या, वंचक, पाणकावळे, जांभळी पाणकोंबडी, हे सगळे उघड्यावर, सकाळच्या उन्हात बसतात. तिथे एफ/८ अडत नाही. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर क्रॉप असल्याने ४०० मिमी ही ६४० मिमीसारखी दिसते. दाजीपूरला गवा दिसला तर तो एवढा मोठा असतो की ४०० मिमीत मावतही नाही, २०० वर यावं लागतं. अडचण येईल ती शेकरूची. दाट पानांखाली, सावलीत, एका फांदीवरून दुसरीवर. तिथे एफ/८वर आयएसओ ६४००पर्यंत जावं लागेल. फोटो दाणेदार येईल, पण आजच्या नॉइज काढणाऱ्या सॉफ्टवेअरने तो बराच स्वच्छ होतो.

म्हणून १००-४०० घ्या. ती रोज तुमच्याबरोबर बाहेर पडेल. राधानगरीच्या खास फेरीसाठी १५०-६०० भाड्याने किंवा ग्रुपमधल्या कुणाची मागून घ्या. जीपच्या खिडकीवर टेकवायला कापडी पिशवीत शाळू भरून शिवून घ्या; अर्धी-पाऊण भरली की लेन्स तिच्यात बसते आणि खांद्यावर काही येत नाही. मोनोपॉडपेक्षा जीपमध्ये ती पिशवी कितीतरी बरी.

प्रश्न: आम्ही गगनबावड्याच्या बाजूला राहतो. नवीन लेन्स परवडत नाही, म्हणून जुनी बघतो आहे. पण आमच्याकडे पावसाळ्यात सगळ्याला बुरशी येते. जुनी लेन्स घेताना काय बघावं, आणि घेतल्यावर ती टिकवावी कशी?

उत्तर: या पत्राला सगळ्यात जास्त जागा द्यावीशी वाटते, कारण आकार, किंमत आणि कामगिरी यांचं गणित मोडायचा एकच प्रामाणिक मार्ग आहे आणि तो म्हणजे चांगली निवडलेली जुनी लेन्स. कॅमेऱ्याच्या बॉडी दर काही वर्षांनी जुन्या होतात. काच तशी होत नाही.

जाताना टॉर्च न्या. मोबाइलचा चालतो, लहान धारदार झोताचा असेल तर उत्तम. दोन्ही टोप्या काढा, अ‍ॅपर्चर उघडं ठेवा, मागून तिरका झोत टाका आणि पुढून आत बघा. थोडी धूळ दिसेलच, तिची काळजी नको. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फाटे फुटलेले धागे दिसले तर ती बुरशी. अख्ख्या काचेवर दुधी पडदा दिसला तर तो आतल्या तेलाचा किंवा ओलाव्याचा धूसरपणा, आणि तो बुरशीपेक्षा जास्त वाईट. त्याने फोटोतला काळा रंग राखाडी होतो. काचेच्या कडेला असलेल्या एखाद्या लहान धाग्याने फोटोत काही दिसत नाही. पण कोटिंग खायला त्याने सुरुवात केलेली असते. किंमत निम्म्यावर आणून सफाईचा खर्च आधी विचारून मगच घ्या.

मग अ‍ॅपर्चरची पाती. कॅमेऱ्यावर लेन्स लावून अ‍ॅपर्चर एफ/१६ करा आणि डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण दाबून आत बघा. पाती झटकन मिटायला हवीत आणि कोरडी हवीत. तेलाची चमक दिसली तर ती पुढे चिकटणार.

तिसरी परीक्षा भिंतीची. विटांच्या किंवा दगडी भिंतीसमोर कॅमेरा ट्रायपॉडवर अगदी समांतर लावा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. चारही सारखेच मऊ असतील तर हरकत नाही, तो त्या लेन्सचा स्वभाव. एक कोपरा धूसर आणि समोरचा धारदार असेल तर आतली एखादी काच तिरकी झाली आहे. लेन्स पडलेली असते किंवा कुणीतरी घाईत उघडून बसवलेली असते. ती सोडून द्या, कितीही स्वस्त असली तरी.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते. २०१९चा आणि २०२१चा पूर ज्या घरांत शिरला, तिथले कॅमेरेही पाण्यात गेले. त्यातल्या काही लेन्स वरून पुसून बाजारात फिरत आहेत. माउंटचे (लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कड्याचे) स्क्रू भिंगाने बघा. त्यांच्या खाचेत गंज असेल, किंवा झूम रिंग फिरवताना बारीक कचकच जाणवली, तर गाळ आत बसलेला आहे. रबरी रिंगची कड नखाने किंचित उचलून बघा. पुराच्या लेन्समध्ये तिथे मातीची पांढुरकी रेघ हमखास सापडते. विकणाऱ्याने अडवलं तर लेन्स परत द्या आणि निघा.

टिकवण्याचं सांगते. बुरशीला ओलावा, अंधार आणि साचलेली हवा लागते, आणि कॅमेऱ्याच्या चामडी किंवा कापडी बॅगेत या तिन्ही गोष्टी तिला मिळतात. जूनपासून लेन्स बॅगेत ठेवूच नका. रबराची कड असलेला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं एक छोटं मीटर, एवढं पुरतं. मीटरवर ४० ते ५० टक्के दिसायला हवं. ते ६०च्या वर सरकायला लागलं की सिलिका जेल तव्यावर मंद आचेवर कोरडी करा. निळी जेल गुलाबी झाली की ओली, भाजून पुन्हा निळी झाली की तयार. फार कोरडंही करू नका, आतलं वंगण आटतं. कुणी तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितलं तर ऐकू नका, तांदळाचं पीठ आत जाऊन बसतं. आणि दर आठवड्याला लेन्स बाहेर काढा, झूम-फोकस फिरवा, चार फोटो काढा. वापरात असलेल्या लेन्सला बुरशी क्वचितच धरते.

सुमारे वीस हजारांच्या वर पैसे लेन्समध्ये घालणार असाल तर विजेवर चालणाऱ्या ड्राय कॅबिनेटचा (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या कपाटाचा) विचार करा. तुमच्या भागातला पाऊस बघता, लेन्सवर खर्च थोडा कमी करून तो कॅबिनेटवर करा असंच मी सांगेन.

प्रश्न: मुलीने यंदा कलामहाविद्यालयात प्रवेश घेतला. तिला निकॉनचा जुना डी ५६०० घेऊन दिला. विकणाऱ्याने ५० मिमी एफ/१.८ डी लेन्स स्वस्तात दिली. ती आपोआप फोकस करत नाही आणि स्क्रीनवर 'एफईई' असं काहीतरी येतं. फसलो का?
– कागल

उत्तर: फसला नाहीत. लेन्स चांगली आहे, जोडी जुळलेली नाही. ही डी मालिकेतली लेन्स फोकससाठी कॅमेऱ्याच्या आतल्या मोटरवर अवलंबून असते आणि डी ५६००मध्ये ती मोटर नाही. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकांतल्या कुठल्याच कॅमेऱ्यात ती नाही. या कॅमेऱ्यांसाठी जुनी लेन्स घेताना नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असायलाच हवं.

मुलीला आपोआप फोकस हवाच असेल तर एएफ-एस ३५ मिमी एफ/१.८ जी डीएक्स बघा. २०० ग्रॅमची आहे, या कॅमेऱ्यावर ५२ मिमीसारखी वागते आणि वापरलेली सहज मिळते. घाई मात्र करू नका. पहिल्या वर्षी तिच्या हातात किट लेन्स आणि ही ५० मिमी असल्या तरी भरपूर झालं. हाताने फोकस करताना ती फ्रेमकडे जास्त वेळ बघेल, आणि त्या वयात ते शिकायला मिळणं फार चांगलं.

'एफईई' घालवायला लेन्सवरची अ‍ॅपर्चरची रिंग एफ/२२वर, नारिंगी आकड्यावर, नेऊन तिथलं छोटं कुलूप सरकवा. अ‍ॅपर्चर मग कॅमेऱ्यावरूनच बदलायचं. हाताने फोकस करताना व्ह्यूफाइंडरच्या खाली डाव्या कोपऱ्यात ठिपका दिसतो. तो स्थिर झाला की फोकस जुळला. स्थिर गोष्टींवर, एका वेळी एकाच फोकस बिंदूवर, तिला आधी याचा सराव करू द्या.